तिळाएवढा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कासारखोलच्या काजीत
मी पांढरं फडकं ओढत होतो.
पुढे बांबूची काठी, काठीला सुतळी.
लहानपणी पोफळीच्या विरीवर धाकट्याला बसवून ओढायचो
तसंच. फक्त हळू.
दहा पावलं. थांबायचं. उलटं करायचं. बघायचं.

पातेऱ्यात कुणीतरी आपली वाट बघत असतं.
त्याला डोळे नाहीत,
श्वास कळतो, पोटरीतली ऊब कळते.
पानाच्या टोकाशी पुढचे दोन पाय वर करून ते उभं,
कडेवर घे म्हणणाऱ्या पोरासारखं.

फडक्यावर सात ठिपके.
सहा चालत होते. सातवा तीळ निघाला,
खिशातल्या लाडवाचा. द्वारकाताईने सकाळी हातावर ठेवलेला,
"गोड बोल, आनी बागेत जाव नको म्हणान सांगा नको."
मी तोही बाटलीत टाकला.
वहीत सात लिहिलं,
मग खोडून सहा केलं.

माकड त्याआधी बारा दिवस मेलं होतं,
सगुण गवसाच्या गडग्याला टेकून, मूठ मिटलेली.
पूर्वी माकड गेलं की वाडी जमायची,
कोरं कापड, गुलाल, नारळ, झांजा,
माणसासारखं बसवून माती द्यायचे.
यंदा मी गेलो. गमबूट, हातमोजे, पावडरीची गोण.
कारण अंग गार पडायला लागलं की ते उतरतात,
बिऱ्हाड बदलावं तसे,
ताप बरोबर घेऊन.
पन्नास पावलांचं रिंगण पांढरं केलं.
सगुण लांबूनच म्हणाला,
"मारुतीक रांगोळी बरी काढलंस हां."
तो हसला नाही. मीही.
जाताना त्याने एक जास्वंद रिंगणाबाहेर ठेवलं,
रेषेला न शिवता.

पत्रकावर गोचिडाचं चित्र आहे, पंजाएवढं.
द्वारकाताई म्हणाली, "एवढो मोठो आसलो तर दिसतलो मां!"
अंगाला लावायचं तेल तिने गाईच्या कासेलाही चोळलं.
वासराने तोंड फिरवलं, मग पदराने पुसून काढलं.
आणि बोंडू लाल व्हायला लागल्यावर
कोयता, टोपली घेऊन निघाली.
"ताप येयत तेवा येयत.
पडल्यो त्यो काजी कोण पुंजावतलो? रानडुकर?"
याचं उत्तर पत्रकात नव्हतं.
माझ्याकडेही नव्हतं. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं,
तिचा हंगाम दीड.

शिमग्याच्या होळीला तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं.
कपाळ दोन्ही हातांनी धरून ओटीवर बसलेली,
जणू कुणी ते उचलून नेईल.
रक्ताची नळी मी बर्फाच्या डब्यातून नेली,
एसटीत, मांडीवर धरून.
कंडक्टरने विचारलं, मासे काय?
मी हो म्हटलं. कुठले, म्हणाला.
बांगडे.

आठव्या दिवशी ती उठली, पेज रांधली,
सगळे म्हणाले, सुटली.
बाराव्या दिवशी ताप परत आला,
विसरलेली वस्तू न्यायला आल्यासारखा.
मग बांबोळी, मग उसने पैसे,
मग मळेवाडीतल्या सोयऱ्याची जीप.
बागेत काजी पडत राहिल्या.
कुणी गेलं नाही. मीच गेलो, फडकं घेऊन.
दहा पावलं, थांबायचं, बघायचं,
आणि दर थांब्याला दोन-चार बिया
गमबुटात टाकायच्या.
हे वहीत नाही.

ती परत आली. केस विरळ, हाताला कापरं,
गाईला नावाने हाक मारताना थोडी अडखळते.
गमबुटातल्या बियांचे साडेतीनशे रुपये झाले,
ते तिने देवाच्या फोटोमागे ठेवलेत, मोडत नाही.

यंदाही संक्रांतीला तिने लाडू दिला.
बाकीचे तोंडात टाकतात.
मी तळहातावर ठेवून
थोडा वेळ बघतो.
काही चालत नाही.
मग खातो.